वयाला दोष नको

आदरणीय अध्यक्ष महिपती कांबळे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या शिलाई केंद्रातील सर्व ताई-मावश्या आणि येरवड्यातील बंधू-भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम. बोलताना मी गडबडतो, म्हणून लिहून आणले आहे.

आज आपण हिराताईंना निरोप देत आहोत. फलकासाठी मी ‘वयोमानानुसार निवृत्त’ असे लिहिले होते. ताई म्हणाल्या, “समाधान, अक्षर न् अक्षर बरोबर आहे रे, पण गोष्ट खोटी. चोपन्नाव्या वर्षी कसलं वयोमान? गोळीचं सांग. बायकांना कळू दे.”

तर सांगतो. पती वारल्यावर ताईंना थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी मिळाली. ते दिवस संपले, गोळी वर्षानुवर्षे चालली. केंद्रात सर्वांत सरळ कात्री ज्यांची, त्यांच्या डोक्यातून मापे निसटू लागली. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. शेजारच्या मशीनवरच्या भाग्यश्रीताई म्हणाल्या, “हिरा, हे गिऱ्हाईक टाळी कसं वाजवणार गं?” आपण हसलो, ताईही हसल्या. पुढे बोटे थरथरू लागली, जिन्यात तोल जाऊ लागला, जीभ जड झाली आणि वस्तीत कुजबूज सुरू झाली. कसली, हे इथे कुणाला सांगायला हवे का?

शेवटी भाग्यश्रीताईंनी तोंडावरच विचारले, “खरं सांग, घेतेस का?”

“घेते की. रोज रात्री, पाण्याबरोबर.” आणि ताईंनी पर्समधले गोळ्यांचे पाकीट टेबलावर ठेवले.

दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, “एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू.” त्यात कित्येक महिने गेले. आता ताईंचे बोलणे स्वच्छ आहे, चाल सरळ आहे, माझ्या चुका तर तारखेसकट आठवतात. बोटांची थरथर मात्र पूर्ण गेलेली नाही. “लोकांच्या कापडावर प्रयोग नको,” म्हणून त्यांनी स्वतःहून कात्री खाली ठेवली.

आपल्यापैकी कुणाकडे असे पाकीट असेल, तर घरी जाऊन फेकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

कुजबूज करणाऱ्यांची नावे मी घेणार नाही. मी ताईंना विचारले होते, त्यांना बोलवायचे का? त्या म्हणाल्या, “बोलव ना. पुढच्या रांगेत बसव, नीट ऐकू येईल.”

तसे बसवले आहे.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. मानापानात किंवा बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल, तर ते माझे समजून पोटात घालावे. जय भीम.