एका विहिरीत दोन मोटरी

...तर डाळ शिजली नाही हा दोष माझाच. तीन शिट्ट्या, सहा शिट्ट्या, अकरा शिट्ट्या, कुकर दमला पण तूर आपली टणक, आणि सासूबाई कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “सरावलीच्या पोरींना डाळ पन शिजवता येत नाय, तिकडं सगलं हाटेलातनं येतं.” आता सरावली, माझं माहेर, या चिंचणीपासून अशी कितीशी लांब? आणि तुम्हाला सांगते, आम्ही टँकरवर वाढलेल्या मुली, घोटभर पाणी पिऊन सांगायचो आज टँकर कुठल्या विहिरीवर भरलाय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की हे पाणी खारं होत चाललंय, आणि खाऱ्या पाण्यात तूर शिजत नाही. पण मी नवीन. मी काय बोलणार?

मग चहा खारट लागला. तर प्रणवने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, साखरेच्या डब्यात बोट घालून चाखून बघितलं. लग्नाला पाच महिने झाले, आणि हा माणूस डबा तपासतो, विहीर तपासत नाही.

विहीर वाडीच्या मधोमध, एकच, आणि मालक दोन... माझे सासरे बळवंत आणि त्यांचे धाकटे भाऊ मारुतीकाका. वाटणीत चिकूची झाडं मोजून वाटली, माड मोजून वाटले, विहीर मात्र अर्धी अर्धी. आता पाणी अर्धं कसं करायचं? ते कागदावर कोणी लिहिलं नाही, म्हणून दोघांनी आपापली मोटर बसवली, आणि एकाची सुरू झाली की दुसऱ्याची झालीच पाहिजे, नाहीतर तो माझं अर्धं ओढेल ना. सासऱ्यांनी तीन हॉर्सपॉवरची काढून पाचची आणली, काकांनी साडेसातची. यांनी पाइप पाच फूट खाली सोडला, त्यांनी दहा. मिरचीला पाणी हवं तासभर, मोटरी चालतात चार तास, सऱ्यांमध्ये बेडूक पोहतायत, पण आधी बंद कोण करणार? आणि सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. इथलं गोड पाणी असं उपसल्यावर तो तिकडेच थांबेल होय? त्याला काय आमंत्रणपत्रिका लागते?

मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. सासरे म्हणाले, “रोग हाय, फवारनी करू.” काका म्हणाले, “दादाची नजर हाय.” अर्धी मिरची गेली, उरलेलीही जाणार, मग चिकूची पाळी, आणि ही दोन माणसं एकमेकांच्या मोटरीचा आवाज ऐकत ओट्यांवर बसलेली. पण मी नवीन. मी काय बोलणार?

मग काकांची मोटर जळली. बोईसरला वाइंडिंग भरायला गेली, चार दिवस एकच मोटर, तीही तासभर, कारण चुरस नसेल तर सासऱ्यांना पाण्यात रस नाही. आणि चौथ्या दिवशी, ऐका हं, डाळ चार शिट्ट्यांत शिजली. सासूबाई म्हणाल्या, “शिकली हां आता.” शिकली... मी त्यांच्याकडे बघितलं, भांडं घासायला घेतलं.

पाचव्या दिवशी काकांची मोटर आली, दोन्ही धडाडल्या, आणि माझं स्वयंपाकाचं शिक्षण परत पुसलं गेलं. तेव्हा मात्र मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटरी लागायच्या आधी, विहिरीतून एक तांब्या काढला. दोघांच्या तासभर चालल्यावर दुसरा. मग शेडमध्ये जाऊन दोन्ही मेन स्विच पाडले, दोन्हीकडचे फ्यूज काढले आणि ओढणीच्या गाठीत बांधले.

झालं. “मारुती, फ्यूज दे माजे.” “तुमीच नेले दादा, माजे पन नेले.” दोघं विहिरीवर समोरासमोर. मी ट्रे घेऊन गेले, चार पेले, पाहुण्यांना न्यावेत तसे. आधी दोघांना सकाळचं दिलं, प्यायले. मग दुसरं. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, “हे मारुतीच्या बाजूचं.” काका थुंकले, “हे दादाच्या बाजूचं.”

म्हटलं, “दोन्ही एकाच विहिरीचं. पहिलं मोटरी लागायच्या आधीचं, दुसरं दोघांनी मिळून ओढल्यावरचं. अर्धा अर्धा समुद्र हवा असेल तर चालू द्या. नाहीतर एकाने सकाळी तासभर, दुसऱ्याने संध्याकाळी तासभर, आणि दोन्ही पाइप वर. तोवर फ्यूज मिळणार नाहीत.”

सासरे म्हणाले, “प्रणव, तुजी बायको बोलते?” प्रणव म्हणाला, “मला पन आजच कळलं.”

तीन दिवस दोघांनी बादलीने पाणी शेंदलं. मी गाठ सोडली नाही. चौथ्या दिवशी पाइप वर आले, दोघांचे, मोजून सारखे. पाणी लगेच पूर्ण गोड होत नाही, पावसाळे जावे लागतात, पण मिरचीला नवी पानं आली, कडा हिरव्या. डाळ पुन्हा चार शिट्ट्यांत शिजायला लागली.

फक्त फ्यूज कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न आला. सासरे म्हणाले मारुतीकडे नको, काका म्हणाले दादाकडे नको, म्हणून ते माझ्याकडे. सकाळी एक लावा, काढा, संध्याकाळी दुसरा लावा, काढा. काल म्हटलं, आईकडे दोन दिवस जाऊन येते. तर वाटणी झाल्यापासून सात वर्षांत ज्या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते एका सुरात म्हणाले, “नाय जायचं.”