वसंताच्या गाडीतला डावा माठ

वसंताच्या गाडीत कॅसेट एकाच बाजूनं काहून वाजते, हे त्याले विचारू नका. मी सांगतो.

गाडीत घुमणारा आवाज पाहिजे म्हणून त्यानं महालच्या बाजारातून दोन मातीचे माठ आणले, टिचक्या मारून मारून निवडलेले. ते मागच्या सीटमागं बसवले. माठाच्या तोंडावर स्पीकर, बुडाले वायरीपुरतं भोक. त्याचे बाबा चिडायचे, "पाण्याचे माठ हे, काहून नासवून राहिला गा?" पण बसायचे मात्र मागंच, डाव्या माठापाशी.

बाबा गेले. घाटावर चितेभोवती फिरवायचा माठ उतरवतानाच फुटला. दुसरा कोणी आणला नव्हता. वसंता गाडीकडे गेला, डाव्या माठावरचा स्पीकर काढला, भोकावर बोट धरून माठात पाणी भरलं आणि खांद्यावर घेतला.

काका म्हणे, "अरे, फेरीले दगड मारून भोक पाडतात. याले तं आधीच आहे!"

"राहू द्या काका. माझ्यानं दगड मारणं होत नाही."

त्यानं बोट काढलं अन् चितेभोवती चालू लागला. फेऱ्या झाल्यावर माठ मागं टाकून फोडला.

पुढं एकदा मी म्हटलं, "दुसरा माठ आणू का गा?"

"नको. तिथं बाबा बसतात."