ठेवणीतला दात

तू म्हणतोस ना भिया, दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, तर हे ऐक. तुकोगंजच्या माझ्या क्लिनिकमध्ये शिर्केकाका आले, रिटायर्ड तहसीलदार, सोबत काकू. तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना इम्प्लांट बसवलं होतं, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर दात. काका म्हणाले, "तकलीफ काहीच नाही. हिच्या आग्रहाखातर आलो."

मी त्या दाताच्या कडेने हिरडीत हलकेच तपासायची बारीक सळई घातली, तर रक्त आलं, मागून पू आला. एक्स-रे काढला, तर स्क्रूभोवतीचं हाड बरंच खाली गेलेलं. आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं, तर दात हातात आला असता.

"काका, ब्रश करता ना?"

"दोन्ही टाइम."

काकू शांतपणे म्हणाल्या, "बाकीच्या दातांना. या एकाला लावत नाहीत. जेवतातही दुसऱ्या बाजूने."

"नवी चीज आहे," काका म्हणाले, "घासून घासून खराब नाही का होणार?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, वापरायच्या वस्तूला असं जपून ठेवतं का कोणी?"

काकूंनी मान वळवून माझ्या एक्स-रे मशीनकडे पाहिलं. ते घेऊन मला वर्ष झालं होतं.

"डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "याच्यावरची प्लास्टिकची पन्नी कधी काढणार?"