खिळ्यावरची रोटी

— नाही गं हुलकर, तुझ्या लेकीनं, झिलोलानं, कुराणातली अख्खी रहमान सूरा पाठ केली, आनंदच आहे मला — घे, चहा घे — माझ्या पोटात कशाला दुखेल? फक्त तिच्या दावतीला मी यायची नाही. गुडघे धरलेत. आणि त्या मावजुदाला मानाच्या जागी बसलेली बघायला सगळ्या मार्गिलानच्या बायका आहेत की! मी एक नसले म्हणून काय बिघडलं? — त्या खिळ्याकडे काय बघतेस? जुनी रोटी आहे. कोंबड्यांना घालायची राहिली.

मावजुदा कुराण शिकली कुठं, ते विचार ना कुणीतरी! इथंच, याच गालिच्यावर, माझ्यापुढं. आणि आज ती मोठी ओतिनबीबी, पोरांना कुराण शिकवणारी! ज्यांचं चित्त ठरत नाही अशी पोरं वेचून नेते, आणि त्यांच्या हातात देते काय? तर तुतीच्या फांद्या! रेशमाच्या किड्यांसाठी पाला ओरबाडायचा आणि तोंडानं अल्लाचा कलाम म्हणायचा. असं कुठं असतं का? आम्ही मांडी ठोकून बसायचो, पापणी हलली तरी दटावणी. तुझी पोरगी माझ्याकडे शिकायची तेव्हा — बस म्हटलं की उठायची, ऊठ म्हटलं की खिडकीत. लक्ष राहत नाही तिचं, डॉक्टर म्हणाला, ठाऊक आहे मला. पण त्या सूरेत एकच वाक्य फिरून फिरून येतं ना, तिथं पोचली की ही बया एका वळणावरून उडी मारून भलत्याच वळणावर! मी छडी आपटायची — जमिनीवर हं, तिला नाही — तर ही छडीचा आवाज ऐकत बसायची.

मावजुदा काय करते ठाऊक आहे? ते वाक्य आलं की हातातली फांदी खाली, नवी उचलायची. मोजून ठेवलेल्या फांद्या संपल्या की सूरा संपली. चुकायला जागाच नाही. — मला कसं ठाऊक? लोक सांगतात. — बरं बाई, उभी होते भिंतीशी! तिची भिंत ठेंगणी, त्याला मी काय करू? बाजारातून येत होते. बाजार त्या अंगाला नाही, ते तू नको मला सांगूस!

ऐकलं मी. एक चूक नाही. जळफळाट झाला माझा, अल्लाची शपथ. आणि तो घशातून काढायचा अरबी ‘ऐन’चा उच्चार — मावजुदाला तो अजून नीट येत नाही, हुलकर! तो माझा आहे. माझ्या गळ्यावर बोट ठेवून शिकली तो पोरगी, इथं, हे बघ, इथं. दावतीत कुणी काढेल का माझं नाव?

ठेव! हात लावू नकोस त्या रोटीला! — कोंबड्यांची नाही ती. तिचे दात आहेत त्यावर. तू तिला माझ्याकडून काढून मावजुदाकडे न्यायला आलीस, दारात चपला घालत होतीस, तेव्हा धरली मी तिच्या तोंडापुढं. फौजेत निघालेल्या पोराला नाही का एक घास चावायला देत, परत येऊन खिळ्याला टांगलेली उरलेली खाईल म्हणून? कळतं गं मला, पोरगी दोन गल्ल्या पलीकडे तर चालली होती! हस, हस तू. ती मात्र हसली नाही. केवढा घास घेतलाय बघ.

काय म्हणालीस? — झिलोलानं पाठवलंय तुला? रोटी आहे का अजून, बघून ये म्हणाली?

सांग तिला, वाळून दगड झालीय, चहात भिजवल्याशिवाय — नाही, काही सांगू नकोस. ऊठ. ऊठ म्हणते ना! जा आता.