सासऱ्यांच्या दारात गाडी

...आणि वर मलाच विचारतात हो! 'काय गुरुलिंगअण्णा, गाडी कुठंय?' अरे, कुठंय म्हणजे? एवढी मोठी काळी लँडमास्टर, ती काय मी रुमालात बांधून ठेवलीय? सांगतो की! बसा. सगळं सांगतो, पण मधे हसायचं नाही. परवा आमच्या पोस्टातल्या शरच्चंद्रांना सांगायला लागलो तर त्यांचा चहा नाकातून बाहेर आला, आणि दुकानातल्या दोन चादरी धुवायला टाकाव्या लागल्या... असो. तुम्हाला सांगतो, माझं मागणं काय होतं? मला काय विमान उडवायचं होतं? मला फक्त एकदा, एकदाच, माझी गाडी सासऱ्यांच्या दारात थांबवायची होती. बास!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर आमचे सासरे तुम्हाला माहीत नाहीत. रुद्रप्पा, मैंदर्गीचे, धान्याचे व्यापारी. मी लग्न झाल्यापासून एस्टीनं जातो. हातात ट्रंक, मागे बायको, धुळीतून चालत दारात पोचलो की सासरे आधी माझ्याकडं बघत नाहीत, माझ्या मागच्या रस्त्याकडं बघतात. मागून अजून काही यायचंय का, असं! आणि मग म्हणतात, 'काय जावईबापू, चालतच?' दर खेपेला हो! आणि दारात काय उभं असतं? थोरल्या साडूची जीप! साडू मंगळवेढ्याचा, ज्वारीवाला, पोती आणि पोरं एकाच जीपमधून आणतो, पण सासरे रोज सकाळी उठून त्या जीपला हात लावून बघतात. माझ्या पाठीवर कधी हात ठेवला नाही त्यांनी. वाईट वाटतं हो! हसू नका, खरंच वाटतं.

म्हणून मी ती गाडी घेतली. एक डॉक्टर रिटायर होऊन गावी चालले होते, त्यांची लँडमास्टर. घेतली, हार घातला, लिंबू चिरडलं, आणि तिकडं अरबांनी नळ आवळला! पेट्रोलचा भाव ऐकूनच गाडीला धाप लागायला लागली. ती तर अशी प्यायची, तुम्हाला सांगतो, सुरू केली की काटा खाली आणि माझं रक्त वर. दुकानापासून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत नेली तर परत आणायचा विचार पडायचा. शेवटी दुकानासमोर लावून टाकली आणि वर चादर घातली. चादरीच्या दुकानदाराची गाडी, तेव्हा चादर चांगलीच हवी की! तर गिऱ्हाईक आत यायचंच नाही, बाहेरूनच म्हणायचं, 'ती गाडीवरची दाखवा.' गाडीचा तेवढाच उपयोग!

आणि त्यातच अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावतात, धोंडे, अनारसे, ओवाळणं, सगळा मान. आमची रत्नम्मा म्हणाली, 'अहो, ह्या खेपेला गाडीनंच जायचं. बाबांना एकदा दिसू दे की!' मी म्हटलं, अगं, पेट्रोल? तर म्हणाली, 'मी शिवपुत्रदादाला सांगितलंय.' संपलं! तिथंच संपलं, बघा.

शिवपुत्र म्हणजे तिचा थोरला भाऊ. मंद्रूपला विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. मनानं सोनं! पण हातात पाना आला की त्याला जगात विहिरीशिवाय काही दिसत नाही. आला, चादर उचलली, गाडीभोवती फिरला, नाकाला लावून तेल हुंगलं आणि म्हणाला, 'दाजी, हिचं पेट्रोल इंजिन काढून टाकू. डिझेल बसवू. आनि नुसतं डिझेल न्हाय... टर्बो!' मी म्हटलं, टर्बो म्हणजे काय रे? तर देवाचं नाव घ्यावं तसा डोळे मिटून म्हणाला, 'दाजी, इंजिनातनं धूर जातो का न्हाय? फुकट जातो. त्या धुरानं एक पंखा फिरवायचा, त्या पंख्यानं हवा इंजिनात कोंबायची, म्हंजी तेवढ्याच डिझेलात जोर लई! धूर बी कामाला लागला पायजे!' कुठल्याशा परदेशी मासिकात त्यानं चित्र बघितलं होतं, आणि धरणाच्या कामावरचं एक मोडीत निघालेलं मशीन त्याला मिळालं होतं, त्याचा टर्बो त्यानं पोत्यात घालून आणलाच होता! आता सांगा, नाही कसं म्हणायचं? बायकोचा भाऊ, मजुरी घेत नाही, म्हणतो घरचं काम आहे. पैसे घेणाऱ्या मिस्त्रीवर ओरडता येतं हो, फुकट काम करणाऱ्या मेहुण्यावर कुणी ओरडून दाखवावं!

मग काय, गाडी दुकानासमोर उघडी पडली. विहिरीवरचं इंजिन आत, टर्बो त्याच्या शेजारी, आणि हवा घ्यायचा पाइप मावेना म्हणून बॉनेटला भोक पाडून वर काढला. कर्ण्यासारखा! मी म्हटलं, शिवपुत्र, हे काय दिसतंय? म्हणाला, 'दिसन्यावर जाऊ नगा, ॲव्हरेजवर जावा.' मग ॲव्हरेजसाठी वजन कमी करायला लागला. बंपर काढला. स्टेपनी काढली. पुढची एक सीट काढून पाट ठेवला. हॉर्न काढला, 'इंजिनच ऐकू येतंय की पुढच्या गावाला.' हँडब्रेक काढला! मी म्हटलं, अरे, हँडब्रेक? 'विहिरीवर लागतो का?' पहिल्यांदा सुरू केली तेव्हा दोघांनी हँडल मारलं, ती थरथरली, टर्बोनं शिट्टी घातली, समोरच्या हॉटेलातले लोक कप घेऊन रस्त्यावर आले. छान. मी विचारलं, आता बंद कशी करायची? तर हा खाली उतरला, पुढं गेला, बॉनेट उघडलं आणि इंजिनावरचा एक खटका दाबला. बंद! म्हणाला, 'विहिरीवर आमी असंच करतो.' मी म्हटलं, शिवपुत्र, अरे, विहिरीवर इंजिनाच्या मागं माणूस बसून पळत नसतो! म्हणाला, 'ती सोय मागनं करू की दाजी, आदी जाऊन तर येऊ.'

निघालो. खरं सांगतो, काय गेली हो गाडी! अक्कलकोटला चहासाठीसुद्धा थांबलो नाही, कारण बंद केली तर पुन्हा हँडल कोण मारणार? मी चालवतोय, शिवपुत्र पाटावर मांडी घालून बसलाय, रत्नम्मा मागं जरीचं लुगडं नेसून. आणि टाकीतलं डिझेल हलेना! शिवपुत्र दर मैलाला मोजपट्टी बुडवल्यासारखं बोलायचा, 'बगा, हाय तेवढंच हाय!' रत्नम्मा मागून म्हणाली, 'बाबा दारातच उभे असतील.' आणि तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. आज कोणी विचारणार नव्हतं, चालतच का म्हणून. आज माझी गाडी सासऱ्यांच्या दारात थांबणार होती!

मैंदर्गीत शिरलो. बाजाराचा दिवस. दुसरा गिअर टाकला, हळू नेऊ म्हणून. क्लचवर पाय ठेवला... पाय खाली गेला तो गेलाच! खालचा दांडा निसटून मागं रस्त्यावर पडला होता. असू दे म्हटलं, गिअर काढू. गिअर हलेना! किल्ली फिरवली. पण डिझेलला किल्लीचं काय हो? किल्ली फिरवल्यावर फक्त समोरचा लाल दिवा गेला. ब्रेक दाबला, तर गाडी आणखीच जोर लावायला लागली! ओरडलो, 'शिवपुत्र, हे काय?' तर शांतपणे म्हणतो, 'दाजी, विहिरीवरचं इंजिन हाय. पानी खोल गेलं, वढ वाढली, की ते आपनहून जादा डिझेल घेतंय, पर आपला वेग सोडत न्हाय. तुमी ब्रेक दाबला की त्याला वाटतंय, पानी खोल गेलं!' आता त्या इंजिनाला कुणी सांगायचं की बाबा, ही विहीर नाही, माझी सासुरवाडी आहे!

समोर चौक, चौकात देऊळ, आणि देवळासमोर सासऱ्यांचं घर. दारात सासरे, डोक्याला फेटा, शेजारीपाजारी गोळा केलेले. सासूबाई, नागव्वा, उंबऱ्यावर, हातात पाणी आणि भाकरतुकडा, ओवाळून टाकायला. आणि दाराच्या एका बाजूला, ऐटीत, साडूची जीप! सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले, 'बर्री, बर्री! या जावईबापू!' मी काय करू? मी हात जोडले... आणि पुढं गेलो! गेलो हो! काय तोंड झालं त्यांचं! जावई आला, नमस्कार केला आणि निघून गेला! देवळाला वळसा घालून परत आलो, सासरे तिथंच. मी म्हटलं, 'थांबतोच हं!' आणि पुन्हा पुढं. रत्नम्मा मागून ओरडतेय, 'अहो, थांबवा की! आई किती वेळ उभी राहील?' आणि शिवपुत्र अर्धा बाहेर लोंबकळून बॉनेट उघडायला बघतोय, पण बॉनेट उघडतं पुढून! म्हणजे चालत्या गाडीपुढं उलटं पळत जायचं आणि खटका दाबायचा. त्यानं बघितलं, विचार केला, आणि परत येऊन पाटावर बसला.

बरं, लोकांनी पळापळ करावी, ओरडावं, तर तेही नाही. तिसऱ्या की चौथ्या फेरीला कोणीतरी म्हणालं, 'अधिक महिना हाय न्हवं, जावई गाडीनं प्रदक्षिणा घालायलेत!' झालं! बायका रस्त्याच्या कडेला येऊन हात जोडायला लागल्या. एकीनं झेंडूची फुलं टाकली, ती सरळ माझ्या तोंडावर. एक म्हातारबा गाडीमागून चालायला लागले, त्यांनाही पुण्य हवं होतं. आणि सासरे! सासऱ्यांचं तोंड उजळायला लागलं हो. शेजाऱ्यांना म्हणतात कसे, 'नवस बोलला असंल.' मी आतून ओरडतोय, 'मामंजी, नवस नाही, क्लच गेलाय!' पण टर्बोची शिट्टी! कोणाला काय ऐकू जातंय? त्यांना वाटलं, मी काही स्तोत्र म्हणतोय.

मग एकच आशा उरली, डिझेल संपेल. देवळाकडं बघून म्हटलं, देवा, डिझेल संपू दे. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की गाडीनं प्यावं! घटाघटा प्यावं! आणि शिवपुत्र टाकीच्या काट्याकडं बघून काय म्हणतो? 'दाजी! अजून निम्मी शिल्लक हाय! मी म्हनलं नव्हतं ॲव्हरेज?' डोळ्यांत पाणी त्याच्या! आनंदाचं! असं वाटलं की... पण फुकट काम केलेलं, बोलता येईना.

शेवटी मी बघितलं, दाराच्या एका बाजूला जीप आणि दुसऱ्या बाजूला कडब्याची गंजी. शिवपुत्र ओरडला, 'कडब्यात घाला दाजी, कडब्यात!' मी डोळे मिटले, सगळ्या पूर्वजांची नावं घेतली, आणि घातली! गाडी निम्मी आत शिरली, तरी इंजिन चालूच! आणि मग त्या कर्ण्यात कडबा गेला. इंजिनाला ठसका लागला. एक, दोन, खाक्, खोक्... बंद. सगळीकडं शांत. वरून एकेक धाट माझ्या डोक्यावर पडतंय. आणि सासूबाई पायरी उतरून आल्या, कडबा बाजूला केला, खिडकीतून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाल्या, 'बर्री जावईबापू. लई येळ लावलासा.'

जेवलो. धोंडे खाल्ले. सासऱ्यांनी पंगतीत पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. 'साडूनं एवढ्या वर्षांत देवाला एक चक्कर मारली न्हाय,' म्हणाले. मला खरं सांगायचं होतं हो! पण तो हात पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी शिवपुत्रानं कडबा साफ करायला इंजिन बाहेर काढलं. नेमकं तेव्हाच सासऱ्यांच्या विहिरीवरचं इंजिन बसलं होतं. 'तवर हे लावतो,' म्हणाला. लावलं. टर्बोसकट! तुम्हाला सांगतो, विहिरीवर ते असं चालतं, असं चालतं, की थेंबभर डिझेलात पाट भरून वाहतोय. आसपासच्या गावांतून माणसं बघायला येतात. आता ते काढून आणा म्हणायची माझी छाती आहे? सासरे म्हणतात, 'जावयानं दिलंय.' मी कधी दिलं?

आणि गाडी? गाडी आहे तिथंच आहे. इंजिन नाही, ढकलायची तर पुढं पायरी, मागं गटार. साडूची जीप आता बोळात लावतात, दारात जागाच नाही. सासरे रोज सकाळी उठून लँडमास्टरला हात लावतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, 'आमच्या जावयाची गाडी कायम आमच्या दारात असती!' मी एस्टीनं उतरतो, ट्रंक घेऊन धुळीतून चालत जातो, तर ते त्याच गाडीला टेकून उभे, आणि माझ्या मागच्या रस्त्याकडं बघत म्हणतात, 'काय जावईबापू, चालतच?'

तेव्हा गाडी कुठंय म्हणून विचारू नका. थांबलीय. सासऱ्यांच्या दारात. ट्रंकेत काय असतं म्हणता? चादर! उन्हानं जुनी विटते, म्हणून सासूबाई दर दिवाळीला कळवतात, 'येताना गाडीवर घालायला एक नवी घेऊन या.'