निवांतरावांच्या दोन कुप्या

संशोधिका : बसा ना, मावशी. चहा सांगू?

सासू : बसायला नाही आले. माझ्या मुलाचं जे काय उरलंय ते द्या, आम्ही जातो.

सून : आई, आधी त्यांचं ऐकून तर घ्या.

सासू : ऐकून घेऊन घेऊनच ही वेळ आली. बाई, दोन वर्षं मी काय समजून होते माहितीये? माझ्या मुलाचं लिव्हर कुणाच्या तरी पोटात आहे. कुणीतरी त्याच्या जिवावर चालतंय, बोलतंय, दोन घास खातंय. बाजारात धट्टाकट्टा माणूस दिसला की मी त्याच्या मागे मागे जायचे. एकाला तर विचारलंच, बाळा, तुझं पोटाचं ऑपरेशन झालंय का रे? तो असा पळाला, मागे वळून बघितलं नाही. आणि मागच्या आठवड्यात ही म्हणते, आई, तसं कोणी नाहीये. ते प्रयोगशाळेत दिलं होतं.

सून : तुम्ही अशा लोकांच्या मागे जायला लागलात म्हणून सांगितलं. नाहीतर मी कधीच सांगितलं नसतं.

सासू : सही करताना तरी विचारायचंस. हात कसा धजला तुझा?

सून : कुणाला विचारणार होते? तुम्ही हॉस्पिटलात भिंतीला डोकं टेकून बसला होतात, हाक मारली तरी ओ देत नव्हतात. डॉक्टर म्हणाले, डोळे दुसऱ्यांना बसवता येतील, लिव्हर नाही बसवता येणार. संशोधनाला द्याल का? मला वाटलं, वाया जाण्यापेक्षा बरं.

सासू : का नाही बसवता येणार? काय वाईट होतं माझ्या मुलात?

संशोधिका : वाईट काही नव्हतं, मावशी. चरबी थोडी जास्त होती, एवढंच. दुसऱ्याच्या शरीरात ते तग धरेल याची खात्री नव्हती.

सासू : म्हणजे माझाच हात सढळ. ताटातलं संपायच्या आत वाढायचे मी त्याला.

सून : आई.

सासू : खोटं आहे का? तू म्हणायचीस, पुरे करा. मी म्हणायचे, माझा मुलगा आहे.

संशोधिका : तुम्ही बसा आधी. मी सांगते इथे त्याचं काय झालं. मग न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी आडवी येणार नाही. खरं तर तो कोण, कुठला, हे आम्हाला ठाऊकच नसतं. तुम्ही भेटायचं म्हणालात, तेव्हा हॉस्पिटलने आमची गाठ घालून दिली. तोवर आमच्याकडे फक्त एक नंबर होता.

सासू : नंबर. म्हणजे कैद्यासारखा.

संशोधिका : नंबर कोणाच्या तोंडात बसतो? आम्ही त्याला निवांतराव म्हणायचो.

सासू : काय म्हणायचात?

संशोधिका : रागावू नका. आपण गोळी घेतली की यकृत ती फोडतं, तिचा निकाल लावतं आणि शरीराबाहेर काढतं. त्यासाठी तिथे विकरं असतात. प्रत्येक विकर म्हणजे एक कामकरी समजा. बहुतेक लोकांचे कामकरी चलाख असतात. काहींच्यात त्यातला एखादा जन्मापासूनच नसतो. मग तीच गोळी तासन् तास रेंगाळते. तुमच्या मुलाच्या यकृताच्या पेशी आम्ही छोट्या छोट्या कुप्यांत गोठवून ठेवल्या. एक कुपी काढायची, ऊब द्यायची, बशीत पसरायची. जाग्या झाल्या की जिवंतपणी करत होत्या तेच काम त्या पुन्हा करायला लागतात. आम्ही त्यांना औषध देतो आणि किती वेळात संपवतात ते मोजतो. बाकीच्यांच्या पेशी केव्हाच आटोपून मोकळ्या. ह्याच्या आपल्या, होईल की सावकाश, काय घाई आहे?

सासू : अगदी तस्साच. आंघोळीला पाठवला तर बादली भरेपर्यंत उभ्या उभ्या डुलकी.

सून : लग्नात सुद्धा. लोक भेटायला येतायत आणि हे खुर्चीत घोरतायत. माझी मावशी म्हणाली, जावई दारू पितात का गं?

सासू : आदल्या दिवशी त्याला शिंका येत होत्या म्हणून मीच औषध पाजलं होतं. आम्ही सगळे हसलो. म्हणजे ते हे होतं का?

संशोधिका : हेच असणार. असं यकृत शंभरात चार-पाच जणांचं. त्यांना स्वतःला पत्ता नसतो. डॉक्टर सगळ्यांना एकाच मापाने औषध लिहून देतात आणि ह्यांना ते दुप्पट-तिप्पट चढतं. तुमच्या मुलाच्या पेशींवर आम्ही कितीतरी औषधं तपासली. साधी सर्दीची गोळीसुद्धा. तिच्यात तर आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. लोक म्हणतात, सर्दीचीच तर गोळी, रात्री घेतली की सकाळी माणूस ताजातवाना. पण निवांतरावांच्या बशीत सकाळी बघावं तर अजून निम्म्याहून जास्त तशीच.

सून : सकाळी?

संशोधिका : हो. अशा माणसाने रात्री घेतलेल्या गोळीवर सकाळी गाडी चालवायला घेतली, तर...

सून : दोन घेतल्या असतील तर?

संशोधिका : दोन घेतल्या तर आणखीच. पण तुम्ही...

सून : ह्यांचा अपघात झाला तो रस्ता सरळ होता. समोर कोणी नव्हतं. पोलिसांनी तेव्हाच सांगितलं, डुलकी लागली असेल. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, हे रात्रभर झोपले होते गाढ, डुलकी कशी लागेल? पहाटे उठत नव्हते तर मीच हलवून उठवलं. छापखान्यात पहिली पाळी होती. रात्री एका गोळीने नाक मोकळं झालं नाही म्हणून दुसरी मीच हातावर ठेवली होती.

(संशोधिका खुर्ची सुनेजवळ ओढून बसते. शेजारच्या खोलीतल्या फ्रीजरची घरघर ऐकू येते.)

संशोधिका : माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं, कसे गेले ते. विचारायला हवं होतं आधी.

सून : गोळीमुळे झालं का?

संशोधिका : असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

सून : गोळीमुळे नाही झालं, असं सांगू शकाल?

संशोधिका : नाही. तेही नाही सांगता येणार.

सून : बरं झालं, तुम्ही खोटं नाही बोललात.

सासू : बाई, हे असलं यकृत येतं कुठून?

संशोधिका : जन्मतःच असतं, मावशी. थोडं आईकडून, थोडं वडिलांकडून.

सासू : म्हणजे माझ्याकडून. आणि त्याचे वडील गेले, त्यांना काय विचारणार? किती कुप्या उरल्यात?

संशोधिका : दोन. शेवटच्या.

सासू : मी काय करणार होते, सांगू? नदीकाठी शांत जागा बघून ठेवली होती. म्हटलं, बाकी सगळा मुलगा मातीला मिळाला, हा एवढा तुकडा थंडीत का राहावा? आता ह्या दोनचं तुम्ही काय कराल?

संशोधिका : रक्ताच्या एका थेंबावरून आधीच कळावं, हा माणूस असा आहे का ते, अशी तपासणी बसवतोय. ती खरी ठरते का हे ज्याचं यकृत तसं आहे त्याच्याच पेशींवर बघावं लागतं. या दोन मिळाल्या तर काम तडीस जाईल. नाही मिळाल्या तर दुसरा असा कोणी मिळेपर्यंत थांबू. मी आग्रह नाही करणार.

सासू : दुसरा कोणी म्हणजे दुसरी कुणीतरी अशीच बसणार, हिच्यासारखी. राहू द्या. ठेवा त्या. ऊब द्या आणि करा काय करायचं ते.

संशोधिका : मावशी, घरी जाऊन विचार करा हवं तर.

सासू : झाला करून. सूनबाई, इकडे बघ. अगं, बघ माझ्याकडे. त्या गोळ्या त्याने घेतल्याच नव्हत्या.

सून : काय?

सासू : लहानपणापासूनची खोड त्याची. गोळी गालात धरायची, वर घटाघटा पाणी प्यायचं आणि पाठ वळली की थुंकून टाकायची. त्या रात्रीही तेच केलं. मोरीत पडल्या होत्या दोन्ही. मी बघितल्या माझ्या डोळ्यांनी.

सून : आई, त्या रात्री तुम्ही घरी नव्हतात. ताईंकडे गेला होतात राहायला.

सासू : असेन. पण मी सांगतेय ना, नाही घेतल्या म्हणून. ऊठ, तोंड धू, आणि हात धर माझा. तो जिना मला एकटीला नाही उतरवत.