शिवरात्रीची पुडी

पापाकुरा स्टेशन, २०१९चा जुलै. ट्रेन लेट होती आणि माझ्या मागच्या बाकावर दोन मराठी भावंडं बोलत होती.

“व्हिसा नाकारला, ताई. तीस तारखेच्या आत देश सोडायचाय.”

“भांगेच्या त्या केसमुळे? अक्षत, सहा वर्षं झाली तिला.”

“प्रत्येक फॉर्मवर लिहावीच लागते. एअरपोर्टवर बॅग उघडली, तर लोणच्याच्या बरणीमागे आईने ठेवलेली शिवरात्रीची पुडी. प्रसाद काय डिक्लेअर करायचा, असं वाटलं मला.”

“आणि आता पुढच्या वर्षी इथे गांजावर मतदान घेणार म्हणे.”

“आमच्या बॉसने तर टूरची पत्रकंही छापून ठेवलीत. कायदा झाला की टुरिस्टांना गांजाची शेतं दाखवायची. रूट मीच बसवून दिलाय.”

“तू?”

“व्हॅन मीच चालवतो ना. हॉटेलं, टॉयलेट-स्टॉप, सगळं माझ्याच डोक्यात आहे.”

“आईला आता तरी खरं सांग.”

“कंटाळलो म्हणून परत आलो, असं सांगेन.”

“का पण?”

“दर सोमवारी देवळात बायकांना सांगते ती. महादेवाचा प्रसाद सोबत दिला, म्हणून पोरगं तिकडे टिकलं.”